परवानगी नाकारावी, ही विनंती

९ मार्च

दादा,

नमस्कार, खुशाली वगैरे सगळं पोचलं असं धर, कारण वेळ कमी आणि सांगायचं फार आहे. चष्म्याच्या दुकानात बसून लिहितेय. आत एक आजोबा डोळ्यांत औषध घालून बसलेत, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत मी मोकळी. फोन का केला नाही म्हणशील, तर घर दोन खोल्यांचं, बाबांचे कान अजून तिखट, आणि दुकानात मालक कायम पाठीशी. राहिला कागद.

तुझ्या आतोबांचा अर्ज या आठवड्यात तुझ्या टेबलावर येईल. दरवर्षी येतो तसाच, खाडीकाठच्या राखीव पाणथळात लपवलेल्या डब्याची परवानगी वाढवून मिळावी म्हणून. तुमच्या ऑफिसात त्याला जिओकॅशिंग म्हणतात, आमच्या घरात डबेबाजी. घट्ट झाकणाचा डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे, मग चांगली शिकलीसवरलेली माणसं हातात फोन धरून चिखलात तो शोधत हिंडणार, आतल्या वहीत सही करणार आणि डबा होता तिथेच ठेवून घरी जाणार. आई गेल्यावर बाबांना या खेळानेच परत माणसात आणलं, हे मी विसरलेले नाही.

तरीही दादा, या वर्षी त्यांना परवानगी देऊ नकोस. तुझ्या पाया पडते.

त्यांचे गुडघे पार गेलेत. डबा आहे जुन्या बंधाऱ्याच्या टोकाला. लाकडी वाट मध्येच संपते, पुढे डोक्याएवढ्या लव्हाळ्यातून जायचं, दोन्ही बाजूंना गाळ, आणि भरतीला तिथे पाणी चढतं. वेबसाइटवर कुणी ‘डबा सापडला नाही’ एवढं लिहिलं की हे बूट चढवून निघाले. डब्याच्या मालकाने जाऊन खात्री करायची, हा त्या खेळाचा नियम. आणि नियम म्हटल्यावर बाबा काय करतात ते तुला माहीत आहे. बसमध्ये तिकीट तपासायचे तेव्हा आईकडे सुटे नव्हते म्हणून तिला अर्ध्या वाटेत उतरवणारा माणूस तो.

ते परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. परवा त्या काळजीत मी गिऱ्हाइकाला उलटा चष्मा चढवत होते. तू नाही म्हण, ते ऐकतील. माझं ऐकणार नाहीत, पण सहीशिक्क्याचं ऐकतील.

आजोबा हाका मारतायत.

तुझी
ठमी


१५ मार्च

ठमे,

तुझं पत्र घरी आलं आणि तुझ्या वहिनीने पाकिटाकडे असं बघितलं की जणू माझी जुनी भानगडच उघडी पडली. पुढच्या वेळी पाकिटावर मागे तुझं नाव घालत जा.

आता तुझी मागणी. बाई, मी परवानगी विभागात आहे, म्हणजे जमीन माझ्या बापाची नाही. मधमाश्यांच्या पेट्या, पाखरं मोजणारे, नवरा-नवरीचे फोटो काढणारे, सगळे माझ्याकडे येतात, आणि नकार दिला तर कलम दाखवावं लागतं. डब्यांसाठी कलमं अशी: खणायचं नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, डब्यात खायचं काही ठेवायचं नाही, वर नाव आणि फोन हवा, आणि वाट सोडून पायवाट पडता कामा नये. यातलं एकही आतोबांनी कधी मोडलेलं नाही. नवीन कारकून आला की अर्ज कसा असावा म्हणून मी त्यांचाच अर्ज दाखवतो. नकाशासुद्धा पट्टीने काढलेला असतो. अर्जदाराचे गुडघे दुखतात म्हणून नकार, असं कलम माझ्याकडे नाही.

एक सुचवतो. डबा निरीक्षण मनोऱ्यापाशी आणायला सांग, लाकडी वाटेच्या सुरुवातीलाच आहे तो. जागा बदलण्याचा अर्ज केला तर मी त्याच दिवशी सही घेतो. आणि सरळ त्यांच्याशीच बोल ना. आतोबा कडक असतील, पण तू त्यांची लाडकी आहेस. मला मात्र त्यांनी एकदा पास घरी विसरला म्हणून सगळ्या बससमोर उभं केलं होतं. अजून त्या बसचा रंग दिसला की मी खिसा चाचपतो.

काळजी करू नकोस. चिखलात चालून चालून त्यांची हाडं तुझ्या-माझ्यापेक्षा पक्की आहेत.

दादा


२१ मार्च

दादा,

मनोऱ्याचं बोलून पाहिलं. म्हणाले, “वाटेवर ठेवलेल्या डब्याला लपवलेला म्हणत नाहीत, हरवलेला म्हणतात.” विषय संपला.

तुला काही सगळं सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात मी एक शहाणपणा केला. वेबसाइटवर दोन-तीन खोटी नावं घेतली आणि अधूनमधून लिहायला लागले, ‘डबा सापडला, उत्तम स्थितीत आहे, धन्यवाद.’ म्हटलं, सगळं ठीक आहे असं वाचलं तर हे कशाला जातील. पण तिकीट तपासणाऱ्याचं डोकं ते. इतकी माणसं येऊन गेली तर वहीत सह्या असणारच, म्हणून पडताळायला गेले. सह्या नाहीत. घरी येऊन म्हणतात, “फुकटे आहेत, न जाता गेलो म्हणून सांगतात, एकेकाला पकडतो.” मग रोज जायला लागले. दादा, मीच त्यांना रोज त्या चिखलात पाठवत होते, आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

गेल्या मंगळवारी अंधार पडला तरी आले नाहीत. मी फाटकाशी उभी. रस्त्यावर कुणी दिसलं की वाटायचं तेच, आणि जवळ आल्यावर दुसरंच कुणी. आले तेव्हा कमरेपर्यंत चिखल, एका पायात बूट, दुसरा बूट हातात. विचारलं, एवढा उशीर का. म्हणाले, बसची वाट बघत होतो, आज फार उशिरा लावली. दादा, तिकडे बस जात नाही. गंमत केली असेल, तुला माहीत आहे ते कधी हसतात ते कळत नाही.

पण मला आता त्या डब्याची भीती बसलीय. रात्री उठून फोन उघडते आणि बघते, कुणी ‘सापडला नाही’ लिहिलं नाही ना. तुझं कलम तू शोध. माझ्यासाठी एवढं कर, पुन्हा कधी काही मागणार नाही.

ठमी


२ एप्रिल

ठमे,

झालं तुझं काम. आनंदाने केलं असं म्हणणार नाही.

बंधाऱ्यावर पाणपक्ष्यांची एक जोडी दिसल्याचं आमच्या पक्षीरक्षकाने कळवलं होतं. दिसली एवढंच, घरटं नव्हतं सापडलेलं. मी त्या एका ओळीला खतपाणी घातलं. विणीचा काळ, माणसांची वर्दळ नको, म्हणून या जागेची परवानगी पुढे चालू ठेवता येत नाही. साहेबांनी न वाचताच सही केली. आतोबांचा पट्टीने काढलेला नकाशा फाइलीत वर होता आणि त्याच्यावर मला नकाराचं पत्र टाचायचं होतं. टाचणी बोटात गेली, बरंच झालं म्हणायचं.

मुख्य परिच्छेद मी लिहिला. बाकीचा नेहमीचा मसुदा कारकुनाने जोडला आणि पत्र कालच्या टपालाने गेलं. त्यांना वाईट वाटेल, पण पक्ष्यांसाठी म्हटल्यावर समजून घेतील. तुझं नाव कुठेही नाही.

बसची वाट बघत होतो, हे वाचून मी ऑफिसात एकटाच हसलो. म्हातारा अजून वस्ताद आहे. आता तू निवांत झोप.

दादा


९ एप्रिल

दादा,

पत्र आलं. बाबांनी उभ्यानेच फोडलं, दोनदा वाचलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मी म्हटलं, बघू. म्हणाले, “ऑफिसचं आहे.” भांडले नाहीत, चिडले नाहीत. संध्याकाळी ओट्यापाशी बसून बुटांना तेल चोळत होते. म्हटलं, चला, आता माळ्यावर टाकायचे म्हणून चोळत असतील.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाहीये. खोटं बोलल्यामुळे असेल, म्हणून तुला तरी खरं सांगून टाकते.

दादा, ते गुडघे नव्हते. गुडघे ठणठणीत आहेत.

बाबा विसरतात. चष्मा, किल्ली असलं नाही, ते आपण सगळेच विसरतो. गेल्या पावसाळ्यात एकदा मी दुकानातून आले तर फाटकाबाहेर उभे, टोपी हातात, आणि मला म्हणाले, “बाई, या घरात कोण राहतं, काही कल्पना आहे?” इतक्या अदबीने विचारलं की मी तिथेच गळाठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठाकठीक, माझ्या हिशोबातली चूक काढली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे वाढत जाणार. त्यांना सांगू नका, असं मीच म्हटलं. तुलाही सांगितलं नाही. नातेवाइकांना कळलं की सगळे त्यांच्याशी हळू आणि मोठ्याने बोलायला लागतील, आणि ते मला बघवणार नाही.

ती बसची गंमत नव्हती. ते खरोखर थांबले होते रे, त्या चिखलात, बस येईल म्हणून.

संपलं एकदाचं. आता तिथे जायचं त्यांना कारण उरलं नाही. तू हे वाच आणि फाडून टाक.

ठमी


१३ एप्रिल, दारावर टोचलेला कागद

दादा,

तू माझ्याआधी पोचलास तर थांबू नकोस, सरळ पाणथळाकडे ये. तुझा फोन आला तेव्हाच दुकानातून पळाले. घरात नाहीत. बूट नाहीत, पिशवी नाही. शेजारच्या काकू म्हणतात, जेवण झाल्यावर लगेच गेले, नीट भांग पाडून, ‘सरकारी काम आहे’ म्हणून सांगून. मी लाकडी वाटेने जातेय. पाणी कधी चढतं ते मला माहीत नाही. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर क्षमा कर.


१८ एप्रिल

ठमे,

हॉस्पिटलात तुझ्यासमोर हे सांगता आलं नाही. आता लिहितो.

तुझं पत्र मला त्या दिवशी सकाळी मिळालं. ‘आता तिथे जायचं त्यांना कारण उरलं नाही’ हे तुझं वाक्य वाचलं. लगेच फाइल मागवली, ती हाती येईपर्यंत दुपार झाली. आमच्या नेहमीच्या मसुद्याच्या शेवटी, साहेबांच्या सहीच्या वर, एक ओळ असते: परवानगी संपल्यावर अर्जदाराने आपला डबा स्वतः काढून न्यावा व जागा पूर्ववत करावी, अन्यथा कारवाई होईल. ती ओळ मी इतक्या वेळा पाठवली आहे की आता ती मला दिसतच नाही. तुझ्या पहिल्या पत्रात खरं कारण असतं तर मी रक्षकाला पाठवून डबा काढवला असता. हे तुला टोचायला लिहीत नाही. माझ्या डोक्यात तेच तेच फिरतंय, म्हणून लिहितोय.

तुला मनोऱ्यापाशी थांबवून मी आणि रक्षक पुढे गेलो तेव्हा उजेड कमी होत होता. त्यांच्याच अर्जातले आकडे मी फोनमध्ये टाकले आणि त्या बाणामागे चाललो. लव्हाळी तोंडावर आपटत होती. ज्या माणसाला कागदावर नको म्हटलं, त्याच्याच आकड्यांचा हात धरून चालल्यासारखा चाललो होतो. बंधाऱ्याच्या टोकाशी पोचलो. तिथे कुणी नव्हतं. डबाही नव्हता. ज्या दगडांखाली तो असायचा ते दगड पुन्हा जागच्या जागी रचलेले, वर माती थापलेली, एक काडी इकडची तिकडे नाही. जागा पूर्ववत केली होती, ठमे.

म्हणजे ते डबा घेऊन निघाले होते, आणि परतीची बाजू चुकले होते. खाडीकडे गेले होते. पाणी यायला लागल्याचा आवाज मला ऐकू येत होता, बारीक, सगळीकडून. मी हाका मारल्या. आतोबा म्हणून मारल्या, मग नावाने मारल्या, मोठ्या माणसाला नावाने हाक मारायची लाज त्या वेळी कुणाला होती. रक्षकाने मला गप्प बसवलं. मग कुणीतरी खोकलं.

मांड्यांपर्यंत रुतले होते. डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. ओरडत नव्हते, धडपडत नव्हते, तसेच उभे होते. मी पुढे गेलो तर माझ्याकडे बघून म्हणाले, “साहेब, मी काढलाय डबा. मुदतीत काढलाय. कारवाई करू नका, घरी मुलगी एकटी आहे.”

मला ओळखलं नाही त्यांनी. त्यांच्या आवाजात जी भीती होती ती मी आजवर त्यांच्या आवाजात ऐकली नव्हती. एवढा कडक माणूस, आणि ती भीती माझ्या कागदाची होती.

फळी टाकून काढलं. पुढचं तुला माहीत आहे.

तुला काय तोंड दाखवू कळत नाही.

दादा


२६ एप्रिल

दादा,

तुला रागाने दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. पहिल्यात तुला शिव्या होत्या, दुसऱ्यात मला. तू कारकुनाची ओळ वाचली नाहीस, मी खरं लिहिलं नाही. दोघांनी मिळून त्यांना तिथे उभं केलं. आता हे उगाळणं पुरे, मला तेवढी ताकद नाही.

बाबा घरी आलेत. छातीत कफ आहे, पण पेज घेतात, वर्तमानपत्र मागतात. त्या दिवसाचं अक्षर काढत नाहीत. मीही नाही. बूट मी दुकानात नेऊन चष्म्यांच्या खोक्यांमागे दडवले, मालक म्हणाला, हा कुठला वास. दाराला वरून कडी बसवून घेतली. रात्री ती कडी लावताना मला चोरासारखं वाटतं, आणि नाही लावली तर डोळा लागत नाही. झोपेत त्यांचा श्वास ऐकत बसते. पाणी येतंय असं स्वप्न पडतं.

एकच मागणं आहे. मीच तुला नकार द्यायला लावलं, हे त्यांना कधीही कळू देऊ नकोस. डोकं चालू असलं की ते फार खोल बघतात, आणि हे त्यांना दिसलं तर ते मला काही बोलणार नाहीत, बसून राहतील फक्त. ते मला सोसणार नाही. मला त्यांना गमावायची भीती आहे, पण त्याहून जास्त भीती आहे की ते असताना माझ्यापासून उठून जातील.

वहिनीला सांग, पाकिटावर नाव घातलंय.

ठमी


४ मे

चि. दादास,

अनेक आशीर्वाद. ठमी दुकानात गेली आहे आणि आज सकाळपासून डोकं स्वच्छ आहे. असे दिवस आता मोजकेच येतात, म्हणून कामाचं आधी लिहितो. टपालात टाकायला शेजारच्या काकूंना सांगितलं आहे. त्या बोलक्या आहेत, पण पाकीट फोडणार नाहीत.

तू मला चिखलातून काढलंस हे काकूंनीच सांगितलं. मला तिथे तू आठवत नाहीस. कुणी एक साहेब होते एवढंच आठवतं. राग मानू नकोस.

नकार ठमीने मागितला, हे मला पत्र वाचताच कळलं होतं. तुमच्या पक्षीरक्षकाला मी ओळखतो, त्या बंधाऱ्यावर विणीला पक्षी बसत नाहीत. जन्मभर लोकांच्या थापा ऐकून पगार घेतला आहे मी. तिला माझ्या जिवाची भीती वाटते म्हणून तिने केलं. तिला यातलं काही बोलू नकोस. मला कळलं नाही असं तिला वाटू दे, तेवढी तरी तिची एक काळजी कमी राहील.

आता मुख्य. त्या दिवशी डबा काढेपर्यंत मी शुद्धीत होतो. दगड नीट लावले. मग वळलो आणि घर कुठल्या बाजूला आहे ते नव्हतं. चुकलं असं नाही, नव्हतंच. चहूकडे सारखं. पाणी आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ओरडायला हवं, पण कुणाला हाक मारायची त्याचं नाव सापडेना. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नाही. हे मी ठमीला सांगणार नाही, तुला सांगतो, कारण तू ऑफिसात आहेस आणि तुझ्याकडे शिक्का आहे.

पुढच्या मार्चमध्ये मी पुन्हा अर्ज करीन. हे पत्र लिहिलेलं मला तेव्हा आठवणार नाही. अर्ज नीटनेटका असेल, नकाशा पट्टीने काढलेला असेल, कलमं सगळी पाळलेली असतील. मी तुझ्या ऑफिसात येईन, कदाचित आवाज चढवीन, तुझ्या साहेबांकडे तक्रार करीन, नियम दाखवीन. माझं म्हणणं बरोबरही असेल.

तू ऐकू नकोस. मला परवानगी द्यायची नाही. शेवटची ती ओळ खोडून पाठव, आणि खाली तुझ्या हाताने लिही की डबा आम्ही काढून नेला आहे, अर्जदाराने येण्याची गरज नाही. सही मात्र मोठ्या साहेबांची घे, तुझ्या सहीला मी जुमानणार नाही.

हे मी पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने लिहून देत आहे. माझ्या फाइलीला लाव.

तुझे
आतोबा